गिऱ्हाईक थोडं, पण कट्टर : हेवी मेटल रेडिओच्या श्रोत्याला नक्की काय हवं असतं?



मागच्या बॅचमध्ये आपला नेहमीचा राउंड चालू होता. प्रत्येकाने उभं राहायचं आणि दोन मिनिटांत आपली धंद्याची कल्पना सांगायची. कुणी मसाले म्हणालं, कुणी क्लाउड किचन, कुणी गांडूळखत. मग शेवटच्या रांगेतला एक मुलगा उठला. पंचविशीचा, काळा टीशर्ट, खांद्यापर्यंत केस.

"सर, मला हेवी मेटलचं ऑनलाइन रेडिओ स्टेशन काढायचंय."

सगळा हॉल हसला. खरं सांगतो, मलाही हसू आलं. मग मी विचारलं, "भांडवल किती लागेल?"

"बाबा रिटायर झालेत. त्यांच्या पैशातले चार लाख द्यायला ते तयार आहेत."

आता मात्र हसू गेलं. मी विचारलं, "ऐकणाऱ्याला तुझ्याकडून काय पाहिजे असेल?"

तो म्हणाला, "मेटल पाहिजे असेल ना सर!"

मित्रांनो, हे उत्तर फक्त त्याचं नाही. खाणावळ काढणारा म्हणतो, गिऱ्हाईकाला जेवण पाहिजे. क्लासवाला म्हणतो, पालकांना मार्क पाहिजेत. आपण विकतो ती वस्तू म्हणजेच गिऱ्हाईकाची गरज, असं आपण धरून चालतो आणि तिथेच गणित चुकतं. त्या मुलाबरोबर बसून मी या विषयाचा अभ्यास केला. तो व्हिडिओत सविस्तर मांडता आला नाही, म्हणून इथे लिहितोय. तुम्हाला मेटल आवडत नसलं तरी चालेल. लेख शेवटपर्यंत वाचा, कारण छोट्या आणि कट्टर गिऱ्हाईकवर्गाचा धंदा कसा चालतो आणि कसा बुडतो, हे यात स्वच्छ दिसतं.

आधी थोडी ओळख

हेवी मेटल म्हणजे जड, करकरीत आवाजातली इलेक्ट्रिक गिटार, जोरकस ड्रम आणि ताकदीने गाणारा गायक. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम १९७० मध्ये आला, तिथून या संगीताची सुरुवात धरतात. पुढे आयर्न मेडन, मेटॅलिका, स्लेयर असे कितीतरी बँड आले. आपल्याकडेही हा वर्ग आहे. मुंबईत रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला गर्दी करणारी पिढी होती. २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटॅलिका बेंगळुरूला आले, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं रेल्वे आणि बसने तिकडे गेली होती.

म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण विखुरलेलं आहे. एका गल्लीत एक, दुसऱ्या तालुक्यात दोन. अशा गिऱ्हाईकाला काय हवं असतं, ते आता एकेक करून बघू.

१. "दुसरीकडे मिळत नाही ते द्या"

सर्वसाधारण रॉक स्टेशनवर मेटल अगदीच वाजत नाही असं नाही. पण वाजतात ती ठरलेली पाच-दहा गाणी, सगळ्यांना माहीत असलेली. कट्टर श्रोत्याची ती हजारदा ऐकून झालेली असतात. त्याला त्याच अल्बममधलं सातवं गाणं हवं असतं, किंवा मोठ्या बँडच्या सावलीत राहून गेलेला बँड.

त्यातही पोटप्रकार आहेत. थ्रॅश वेगवान, डूम संथ आणि जड, डेथमध्ये घशातून गुरगुरल्यासारखं गाणं, पॉवर मेटलमध्ये उंच स्वर आणि वीररस. बाहेरच्याला सगळं सारखंच वाटतं. आतल्याला फरक असा कळतो, जसा आपल्याला कोल्हापुरी आणि पुणेरी मिसळीतला कळतो. म्हणून चांगली स्टेशनं वेळा वाटून घेतात. अमुक वाजता जुनं, तमुक वाजता नवीन, रात्री उशिरा सगळ्यात कडक. आपल्या आवडीचा तास कोणता, हे श्रोत्याला पाठ असतं.

२. "गाणं कापू नका"

आयर्न मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे १९८४ मधलं गाणं तेरा मिनिटांच्या वर आहे. मेटॅलिकाचं १९८६ मधलं 'मास्टर ऑफ पपेट्स' साडेआठ मिनिटांचं. रेडिओवाल्याला अशी गाणी परवडत नाहीत, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. तीन मिनिटांचं गाणं श्रोत्याला आवडलं नाही, तर तो पुढच्याची वाट बघत थांबतो. आठ मिनिटांचं आवडलं नाही, तर स्टेशन बदलतो. म्हणून सर्वसाधारण स्टेशन छोटी गाणी लावतं किंवा मोठ्या गाण्याची कापलेली आवृत्ती लावतं.

मेटलचा श्रोता नेमका याच गोष्टीवर चिडतो. गिटारचा सोलो हा त्याच्यासाठी गाण्याचा जीव असतो. तो कापला किंवा त्यावर निवेदक बोलला, तर त्याला वाटतं, या माणसाला यातलं काही कळत नाही. एकदा असं वाटलं की विश्वास गेला.

तुमच्या धंद्यातलं 'साडेआठ मिनिटांचं गाणं' कोणतं, याचा विचार करा. तुम्हाला न परवडणारी वाटणारी, पण गिऱ्हाईक ज्याच्यासाठीच येतं अशी एक गोष्ट प्रत्येक धंद्यात असते.

३. "माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस बसवा"

बीबीसीच्या रेडिओ वनवर १९७८ मध्ये 'फ्रायडे रॉक शो' सुरू झाला. टॉमी व्हॅन्स नावाचा निवेदक, भारदस्त आवाजाचा. शुक्रवारी रात्री त्याने १९९३ पर्यंत हा कार्यक्रम चालवला. देशभरातल्या पोरांसाठी आठवड्यातले ते दोन तास हक्काचे होते. बँडना स्टुडिओत बोलावून खास रेकॉर्डिंगही तिथे व्हायचं, म्हणजे दुकानातल्या रेकॉर्डवर मिळणार नाही असं काहीतरी.

लक्षात घ्या, हे संगीत आवडणाऱ्या मुलाला घरी-दारी टोमणेच मिळायचे. "हा काय गोंगाट लावलाय?" अशा मुलाला रेडिओवर एक मोठा माणूस भेटतो. तो या संगीताची थट्टा करत नाही, त्याबद्दल नीट बोलतो, गिटार कुणी वाजवली ते सांगतो. त्या मुलाच्या दृष्टीने या गोष्टीला केवढी किंमत असेल!

छोट्या धंद्यात हे काम मालकालाच करावं लागतं. गिऱ्हाईकाला जितकं माहीत आहे तितकंच तुम्हाला असेल, तर त्याने तुमच्याकडे यावं कशाला?

४. "आमचंही ऐका"

लंडनच्या किंग्सबरी भागात सत्तरच्या दशकाच्या शेवटी नील के नावाचा डीजे 'साउंडहाउस' चालवत होता. हे रेडिओ स्टेशन नव्हतं, पबला लागून असलेला क्लब होता, पण श्रोता तोच. तिथे येणारी पोरं जी गाणी मागत, त्यावरून नील के क्रमवारी लावायचा आणि ती 'साउंड्स' या साप्ताहिकात छापून यायची.

आयर्न मेडन तेव्हा कुणाला माहीत नव्हता. त्यांनी १९७८ च्या शेवटी स्वतःच्या पैशाने काही गाणी रेकॉर्ड करून टेप नील केकडे दिली. त्यातलं 'प्राउलर' पोरांच्या मागणीमुळे त्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. मग बँडने १९७९ मध्ये त्याची रेकॉर्ड काढली, नाव ठेवलं 'द साउंडहाउस टेप्स'. पाच हजार प्रती काढल्या आणि पोस्टाने विकल्या.

यात श्रोत्याला काय मिळालं? "हा बँड आम्ही वर आणला" हा अभिमान. सवलत देऊन हे मिळत नाही.

५. "आमचा झेंडा हातात धरा"

आता मुख्य उदाहरण. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लाँग बीच आहे. तिथल्या केएनएसी या स्टेशनने १०५.५ एफएमवर जानेवारी १९८६ पासून मेटल आणि हार्ड रॉक लावायला सुरुवात केली. 'प्युअर रॉक' हे त्यांचं बिरुद. ट्रान्समीटर लहान ताकदीचा, त्यामुळे अवाढव्य लॉस एंजेलिसमध्ये कुठे नीट ऐकू यायचं, कुठे खरखर. तरीही पोरं तेच लावायची.

त्यांचे स्टिकर गाड्यांवर आणि गिटारच्या पेट्यांवर दिसायचे. काळे टीशर्ट लोक अंगावर मिरवायचे. म्हणजे स्टेशनची जाहिरात श्रोताच करत होता, तीही पदरचे पैसे घालून. कारण तो स्टिकर लावला की सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीवाल्याला कळायचं, हा आपल्यातला आहे. विखुरलेल्या गिऱ्हाईकाला एकमेकांची ओळख हवी असते, आणि ती पटवून देणाऱ्या धंद्याला तो सोडत नाही.

आणखी एक. दिवसा सगळ्यांना चालेल असं आणि रात्री मेटल, असं तिथे नव्हतं. कधीही लावा, तेच. उपासाच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध हॉटेलात ऐनवेळी "आज साबुदाणा नाही, पावभाजी घ्या" म्हटलं तर कसं वाटेल? तसंच हे.

इथे थोडं माझं सांगतो

या क्षेत्रात यायच्या आधी माझं कॅसेटचं दुकान होतं. भक्तिगीतं, लावण्या, हिंदी पिक्चर, सगळं. एका कोपऱ्यात इंग्रजी रॉकच्या आठ-दहा कॅसेट. एक कॉलेजचा पोरगा दर पंधरा दिवसांनी यायचा आणि विचारायचा, "काका, नवीन काही आलं?" मी म्हणायचो, "अरे, ते चालत नाही." पुढे तो यायचा बंद झाला. नंतर कळलं की तो आणि त्याचे चार-पाच मित्र महिन्यातून एकदा मुंबईला जाऊन कॅसेट आणतात, प्रत्येक जण तीन-चार घेतो. माझ्या दारात आलेलं गिऱ्हाईक मी परत पाठवलं, कारण मला तो एकटा दिसत होता. त्याच्या मागचे चार मला दिसलेच नाहीत.

पण थांबा, नुसतं प्रेम पुरत नाही

आतापर्यंतचं वाचून वाटेल की श्रोत्याला हवं ते दिलं की धंदा चालला. तसं असतं तर केएनएसी आजही १०५.५ वर वाजत असतं. १५ फेब्रुवारी १९९५ ला ते बंद झालं. शेवटचं गाणं लावलं मेटॅलिकाचं 'फेड टू ब्लॅक'. ती फ्रीक्वेन्सी विकली गेली आणि तिथे स्पॅनिश भाषेतलं स्टेशन आलं. अमेरिकेत डॅलसहून 'झी रॉक' नावाची सेवा उपग्रहावरून वेगवेगळ्या गावांतल्या स्टेशनांना मेटल पुरवत होती. १९८६ ला सुरू झाली, तीही १९९६ अखेर संपली.

का? आवड बदलली हे एक कारण आहेच. १९९१ नंतर ग्रंज नावाचा नवा प्रकार तरुणांत लोकप्रिय झाला. पण मोठं कारण गल्ल्याचं आहे.

व्यावसायिक रेडिओत श्रोता पैसे देत नाही, जाहिरातदार देतो. ऐकणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. जाहिरातदाराला तुमच्या श्रोत्याचं प्रेम दिसत नाही, त्याला डोकी मोजायची असतात. दुसरं म्हणजे एफएमची फ्रीक्वेन्सी ही मोक्याच्या गाळ्यासारखी असते. संख्या मर्यादित, मागणी भरपूर. लॉस एंजेलिस भागात स्पॅनिश बोलणारी लोकवस्ती प्रचंड आहे. त्या बाजारासाठी तीच फ्रीक्वेन्सी जास्त मोलाची होती. दादरला स्टेशनजवळ कुणी फक्त कवितासंग्रहांचं दुकान चालवत असेल, तर वाचक कितीही प्रेमळ असोत, त्या गाळ्यात कपड्याचं दुकान जास्त भाडं देणार. आज ना उद्या मालकाला फोन येणारच.

म्हणून हा नियम वहीत लिहून ठेवा : तुमच्या जागेची किंमत तुमच्या धंद्याच्या कमाईपेक्षा जास्त झाली, की गिऱ्हाईकाचं प्रेम तुम्हाला वाचवू शकत नाही.

मग टिकलं कोण?

जिथे पैसे देणारा आणि खर्चाचा बोजा वेगळ्या पद्धतीने बसवला, ते टिकले.

• न्यू जर्सीत सेटन हॉल विद्यापीठाचं डब्ल्यूएसओयू स्टेशन आहे, ८९.५ एफएम. विद्यार्थी चालवतात. १९८६ च्या सुमारास ते मेटलकडे वळलं आणि त्याच संगीतासाठी ओळखलं गेलं. ते नफ्यासाठी चालत नाही. संस्थेचा आधार आहे आणि मुलांचं शिक्षणही होतं.

• सिरियस एक्सएम या अमेरिकन उपग्रह रेडिओ कंपनीचं 'लिक्विड मेटल' हे चॅनल आहे. श्रोता वर्गणी भरतो ती सगळ्या चॅनलांची मिळून, त्यात हे एक.

• जर्मनीत 'रॉक अँटेने' हे मोठं रॉक स्टेशन आहे. ते हेवी मेटलची वेगळी इंटरनेट धारा चालवतं. मुख्य दुकान आहेच, हे त्यातलं एक कपाट.

• सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सोमा एफएम'चं 'मेटल डिटेक्टर' हे चॅनल आहे. जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. इथे ऐकणारा आणि पैसे देणारा एकच.

• खुद्द केएनएसीचं नावही १९९८ मध्ये इंटरनेट रेडिओ म्हणून परत आलं. नावाला किंमत होती, फक्त महागडा गाळा परवडत नव्हता.

श्रोता बोलतो एक, करतो दुसरं

गिऱ्हाईकाला विचारताना एक सावधगिरी ठेवा. कुठल्याही मेटलवेड्याला विचारा, "काय ऐकायचंय?" तो म्हणेल, "नवीन, कुणी न ऐकलेलं." पण सलग तासभर अनोळखी गाणी लावा, तो हळूच निघून जाईल. मध्ये एक ओळखीचं, लाडकं गाणं आलं की आवाज वाढवेल. खोटं तो बोलत नसतो. त्याला नवीन हवंच असतं, पण जुन्याचा हात धरून. म्हणून दोन ओळखीच्या गाण्यांमध्ये एक अनोळखी, अशी गुंफण करून बघायची आणि लोक कुठे उठून जातात ते पाहून प्रमाण बदलायचं.

तुम्हीही गिऱ्हाईकाचं मत विचारा, पण भरवसा त्याच्या वागण्यावर ठेवा. "आवडेल का?" यापेक्षा "मागच्या महिन्यात यावर किती खर्च केला?" हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आज तर हवं ते गाणं मोबाइलवर दोन सेकंदांत मिळतं. मग स्टेशन कशाला? गाण्यांचा ढीग सगळ्यांकडे आहे. त्यातून निवडून देणारा माणूस, ठरलेली वेळ आणि "आत्ता माझ्यासोबत अजून कुणीतरी हेच ऐकतंय" ही सोबत मात्र सगळीकडे मिळत नाही. तेवढंच विकायचं.

त्या मुलाला मी काय सांगितलं?

पहिलं, बाबांच्या पैशाला हात लावायचा नाही.

दुसरं, कायद्याची बाजू तपासायची. आपल्याकडे एफएमची परवानगी लिलावातून जाते, ती आपल्या आवाक्यातली नाही. कम्युनिटी रेडिओ शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा ना-नफा संस्थेलाच मिळतो, एकट्या माणसाला नाही. इंटरनेटवर वाजवायचं तरी हक्क लागतात. गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस, रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी पीपीएल किंवा थेट ती म्युझिक कंपनी. रेडिओ-टीव्ही प्रसारकांना कॉपीराइट कायद्याच्या ३१-डी कलमाखाली जो परवाना मिळतो, तो इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणून आधी वकिलाकडे जायचं, मग माइक विकत घ्यायचा.

तिसरं, चोवीस तासांचं स्टेशन नको, आठवड्यातून एक तास. आपल्याकडचे जे बँड स्वतःच्या गाण्यांचे स्वतः मालक आहेत, त्यांची लेखी परवानगी घेऊन तीच गाणी लावायची. ठरलेला वार, ठरलेली वेळ, बारा आठवडे.

चौथं, कितीजण आले ते मोजायचं नाही. परत कितीजण आले ते मोजायचं.

पाचवं, पैसे कोण देणार, त्याची नावासकट यादी करायची. जॅम रूमवाले, गिटार शिकवणारे, टीशर्ट छापणारे, कार्यक्रम भरवणारे. प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटायचं.

तो तोंड पाडून म्हणाला, "सर, म्हणजे नाहीच म्हणताय ना?"

मी म्हणालो, "नाही रे. चार लाख बुडवून जे कळलं असतं, ते बारा रविवारांत कळू दे."

आता त्याचे सात रविवार झालेत. पहिल्या वेळी सगळे मित्र आले, तिसऱ्या वेळी निम्मे गळाले. पाचव्या वेळी अनोळखी माणसं दिसायला लागली आणि त्यातली काही परत आली. एका जॅम रूमवाल्याने पैसे दिले नाहीत, पण रेकॉर्डिंगला जागा फुकट दिली. मुलगा नोकरी करतोय. बाबांचे पैसे बँकेत आहेत. पुढे काय होईल ते मलाही सांगता येणार नाही, बारावा रविवार झाला की बघू.

तुमचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन ओळी लिहा.

१. माझ्या गिऱ्हाईकाला दुसरीकडे न मिळणारं असं मी काय देतो?
२. वापरणारा आणि पैसे देणारा एकच आहे का? नसेल, तर पैसे देणाऱ्याला काय हवंय?
३. माझ्या जागेवर, पैशावर किंवा वेळेवर माझ्यापेक्षा जास्त कमावणारा कुणी टपलेला आहे का?

तिसऱ्या ओळीचं उत्तर 'हो' असेल, तर घाबरू नका, पण आजच आकडेमोड करा. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गिऱ्हाईकाचं नीट ऐका, आणि त्याचं गाणं मध्येच कापू नका!